उजनीचं पाणी हिरवं का होतं? करमाळ्याच्या काठावरचे सूक्ष्मजीव नेमकं काय करतात?

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याची पश्चिमेकडची बाजू उजनी धरणाच्या पाण्याला लागून आहे. केत्तूर, वाशिंबे, चिकलठाण, कुगाव, कंदर अशा गावांच्या शिवारापर्यंत हा जलाशय पसरलेला आहे. पावसाळ्यात इथलं पाणी गढूळ असतं. हिवाळ्यात ते निवळतं आणि उन्हाळा जवळ आला की हिरवं पडू लागतं. मग काठाला पोपटी रंगाचा थर साचतो, वास सुटतो आणि मोबाईलवर व्हिडिओ फिरू लागतात. कुणी लिहितं, 'कंपन्यांनी केमिकल सोडलंय.' कुणी म्हणतं, 'नुसतं शेवाळ आहे, काही होत नाही.'

या दोन्ही म्हणण्यांत थोडं थोडं तथ्य आहे, पण पूर्ण उत्तर त्यांतल्या एकातही नाही. पाणी हिरवं होतं ते सूक्ष्मजीवांमुळे. पाणी साफ ठेवण्याचं बरंचसं कामही सूक्ष्मजीवच करतात. आणि काठावरच्या शेतात तूर, उडीद, ऊस उभा राहतो त्यातही त्यांचाच वाटा असतो. हे जीव काय करतात, कधी उपयोगी पडतात आणि कधी धोक्याचे ठरतात, ते सोप्या भाषेत समजून घेऊया.

सूक्ष्मजीव म्हणजे नेमकं कोण?

नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत अशा सजीवांना सूक्ष्मजीव म्हणतात. जीवाणू, आर्किया, सूक्ष्म बुरशी, एकपेशीय शैवाल, अमिबासारखे आदिजीव हे सगळे त्यात येतात. विषाणूंची गणतीही बहुतेक वेळा त्यांच्याबरोबरच होते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, तर बहुतेक जीवाणू १ ते २ मायक्रॉन लांबीचे असतात. म्हणजे केसाच्या जाडीत तीस-चाळीस जीवाणू सहज रांगेत बसतील.

आकार लहान असला तरी त्यांची संख्या प्रचंड आहे. चमचाभर सुपीक मातीत कोट्यवधी ते अब्जावधी जीवाणू असतात. त्यांतले बहुतेक माणसाला कोणताही रोग देत नाहीत. ते आपापलं पोट भरत असतात आणि त्या ओघात निसर्गातलं एक मोठं काम होऊन जातं. मेलेलं झाड, शेण, पालापाचोळा, सांडपाणी यांचे तुकडे करून त्यातली मूलद्रव्यं पुन्हा माती, पाणी आणि हवेत सोडणं, हे ते काम. सूक्ष्मजीव नसते तर मेलेलं काहीच कुजलं नसतं आणि नव्या पिकाला खायला काही उरलं नसतं.

सूक्ष्मजीव पाण्याचा रंग बदलू शकतात?

हो, आणि महाराष्ट्राने ते पाहिलेलंही आहे. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. त्या वेळीही समाज माध्यमांवर नाना तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या 'हॅलोआर्किया' नावाच्या सूक्ष्मजीवांचा असल्याचं समोर आलं. पाणी आटून खारटपणा वाढला, या जीवांना पोषक वातावरण मिळालं आणि त्यांच्यातल्या गुलाबी रंगद्रव्याने सगळं सरोवर रंगलं.

उजनीतही तसंच घडतं, फक्त जीव वेगळे आणि कारण वेगळं. लोणारला कारण मीठ होतं. उजनीत कारण आहे पाण्यात मिसळलेलं जास्तीचं अन्न.

उजनीत हे अन्न येतं कुठून?

उजनी धरण भीमा नदीवर, माढा तालुक्यात आहे. ते १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाचं अधिकृत नाव यशवंतसागर. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्याचं पाणी सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांच्या हद्दीत पसरतं. करमाळ्यासमोरच्या काठावर पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका आहे.

धरणाच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरं आहेत. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या या शहरांतून किंवा त्यांच्या कडेने वाहतात आणि शेवटी भीमेला मिळतात. त्यामुळे शहरांतलं जे सांडपाणी प्रक्रिया न होता किंवा अर्धवट प्रक्रिया होऊन नदीत जातं, ते उजनीत येऊन थांबतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशभरातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले होते. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात होते आणि त्या यादीत भीमा, मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्या नद्या होत्या.

सांडपाण्यात मैला असतो, साबण-डिटर्जंट असतं, स्वयंपाकघरातलं खरकटं असतं. त्याच्या जोडीला काठावरच्या ऊस आणि केळीच्या शेतांतून पावसाबरोबर वाहून येणारी खतं असतात. कारखान्यांची रसायनं हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. पण पाणी हिरवं होण्यामागे मुख्यतः दोन गोष्टी असतात, नायट्रोजन आणि फॉस्फरस. शेतकरी पिकाला युरिया आणि डीएपी देतो, त्यातही हेच दोन घटक असतात. थोडक्यात, वरची शहरं आणि काठावरची शेतं मिळून नकळत जलाशयाला खत घालत असतात.

मग नदीतले सूक्ष्मजीव हे सगळं साफ करत नाहीत का?

करतात. नदीत घाण पडली की जीवाणू तिच्यावर तुटून पडतात. हे काम करताना ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. घाण खाऊन संपवायला जीवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, त्या मापाला 'बीओडी' म्हणतात. अंघोळीसाठी योग्य मानल्या जाणाऱ्या नदीच्या पाण्याचा बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅम किंवा त्यापेक्षा कमी हवा. घरगुती सांडपाण्यावर प्रक्रिया झालेली नसेल तर हाच आकडा साधारण २०० ते ३०० च्या घरात असतो.

आता दुसरी बाजू पाहा. तीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. म्हणजे घाण थोडी असेल तर जीवाणू ती संपवतात आणि नदी पुढे पुन्हा स्वच्छ होते. घाण जास्त झाली तर जीवाणूंचं काम वाढतं, ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. त्यानंतर ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू ताबा घेतात. त्यांच्या कामातून मिथेन आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हे वायू बाहेर पडतात. नदीकाठी नाकाला रुमाल लावावा लागतो तो बऱ्याचदा यांच्यामुळे.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातही मुख्य कामगार जीवाणूच असतात. टाकीत हवा सोडायची, जीवाणूंची दाट वस्ती तयार करायची आणि नदीला कित्येक किलोमीटर वाहून जे साधलं असतं ते काही तासांत उरकायचं, ही पद्धत इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये १९१४ साली मांडली गेली. आजही जगभरातली असंख्य केंद्रं याच तत्त्वावर चालतात. पुण्यात मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी जपानच्या कर्जातून ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला. त्यात दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ केंद्रं ठरली होती. या केंद्रांचं काम किती लवकर आणि किती नीट होतं, याच्याशी करमाळ्याच्या काठाचा थेट संबंध आहे.

नायट्रोजन निघून जातो, फॉस्फरस मात्र मुक्काम करतो

घाण खाऊन झाली तरी गोष्ट संपत नाही. जीवाणूंनी मैल्याचे तुकडे केले की त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस मोकळा होतो.

नायट्रोजनला बाहेर जायची वाट असते. जीवाणूंचा एक गट अमोनियाचं रूपांतर नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेटमध्ये करतो. पुढे तळाच्या गाळात, जिथे ऑक्सिजन नसतो, तिथे आणखी एक गट नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतो. हा वायू बुडबुड्यांतून हवेत निघून जातो.

फॉस्फरसला अशी वाट नाही. तो वायू होऊन उडत नाही. काही भाग पाण्याबरोबर कालव्यात किंवा खालच्या नदीत जातो, बाकीचा तळाच्या गाळात बसतो. तिथे तो बहुतेक करून लोहाशी बांधलेला असतो. उन्हाळ्यात तळाजवळचा ऑक्सिजन संपला की ही बांधणी सुटते आणि गाळातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. मागच्या अनेक वर्षांची शिल्लक अशी दर उन्हाळ्यात बाहेर निघते.

उजनीच्या बाबतीत एक गोष्ट खास लक्षात घ्यायला हवी. ११७ टीएमसीपैकी सुमारे ६३ टीएमसी, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी 'मृत साठा' म्हणून धरलं जातं. त्यामुळे धरण 'शून्य टक्के' झालं तरी तळाशी मोठा साठा आणि त्याखाली गाळ असतो. सलग कोरड्या काळानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. पाणी असं कमी झालं की त्यातलं पोषण आणखी दाट होतं. सगळ्यांना सगळ्यात जास्त पाणी लागतं नेमक्या त्याच वेळी पाण्याची प्रत सगळ्यात खालावलेली असते.

हा हिरवा थर कोणाचा?

काठावर जो रंगासारखा दाट थर दिसतो, त्याला बोलताना शेवाळ म्हटलं जातं. पण अशा थरात बहुतेक वेळा असतात ते 'सायनोबॅक्टेरिया', म्हणजे नीलहरित जीवाणू. नावाप्रमाणे ते जीवाणूच आहेत, पण वनस्पतींसारखे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात.

पृथ्वीच्या इतिहासात यांचा मान फार मोठा आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात ऑक्सिजन साठायला लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. आजही पृथ्वीवर तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास निम्मा समुद्रातल्या सायनोबॅक्टेरिया आणि सूक्ष्म शैवालांकडून येतो. आपण घेतो त्या श्वासामागे यांची मेहनत आहे.

अडचण होते ती त्यांना बेसुमार खत मिळाल्यावर. एक किलो फॉस्फरसवर साधारण शंभर किलो सुकं शेवाळ वाढू शकतं. त्यात पोषक तलावांत सर्रास आढळणाऱ्या 'मायक्रोसिस्टिस'सारख्या सायनोबॅक्टेरियाकडे एक खास सोय असते. त्यांच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्या आधाराने ते तरंगत वर येतात आणि ऊन मिळवतात. खालच्या साध्या शैवालावर सावली पडते आणि ते मागे पडतं. ऊन, उष्णता, संथ पाणी आणि भरपूर फॉस्फरस हे चार जमून आले की त्यांची वाढ झपाट्याने होते. मग वारा हा थर ढकलत काठाच्या कोपऱ्यांत आणून साठवतो. म्हणूनच एकाच जलाशयात एका गावाच्या काठाला दाट तवंग असतो आणि दुसऱ्या गावाला पाणी बरं दिसतं.

या सगळ्यात फॉस्फरसच कळीचा आहे, हे कॅनडातल्या एका प्रयोगाने डोळ्यांना दिसेल असं सिद्ध केलं. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने १९७३ साली ऑन्टारिओ प्रांतातला एक तलाव मधोमध पडदा लावून दोन भागांत विभागला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं. दुसऱ्या भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही घातला. फॉस्फरस घातलेला भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. त्याचा हवाई फोटो आजही जगभरच्या वर्गांत दाखवला जातो.

मासे पहाटेच का मरतात?

दिवसा सायनोबॅक्टेरिया आणि शैवाल ऑक्सिजन सोडतात. रात्री ऊन नसतं, पण श्वसन चालूच असतं. त्यामुळे रात्रभर तेच ऑक्सिजन ओढून घेतात. थर जितका दाट, तितका पहाटेपर्यंत ऑक्सिजन खाली जातो. हा थर मरून कुजायला लागला की जीवाणूंची मागणीही त्यात मिसळते. मासे सकाळी पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसतात, ते यामुळे.

ज्या माशांना जास्त ऑक्सिजन लागतो ते आधी कमी होतात. उजनीत मुबलक मिळणारी चिलापी कमी ऑक्सिजनमध्येही तग धरते. मांगूर तर हवेतूनही श्वास घेऊ शकतो. म्हणून पाणी बिघडत जातं तसं मासेमाराच्या जाळ्यात काय येतं तेही बदलत जातं. काठावरच्या मासेमार कुटुंबांसाठी पाण्याची प्रत म्हणजे रोजच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे.

हिरवं पाणी विषारी असतं का?

प्रत्येक वेळी नाही. सायनोबॅक्टेरियाच्या काही जाती विष तयार करतात, काही करत नाहीत. एकाच जातीतले काही प्रकार विषारी असतात, काही नसतात. पाण्याचा रंग पाहून हे सांगता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.

सगळ्यात जास्त अभ्यास झालेलं विष म्हणजे 'मायक्रोसिस्टिन'. ते मुख्यतः यकृतावर परिणाम करतं. मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने रोजच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. अशा पाण्यात उतरल्यावर अंगाला खाज, पुरळ, डोळ्यांची जळजळ होऊ शकते. पाणी पोटात गेलं तर उलट्या, जुलाब, पोटदुखी होऊ शकते.

जगात याच्या गंभीर घटना घडल्या आहेत. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ साली डायलिसिस केंद्रात वापरलेल्या पाण्यात हे विष होतं आणि त्यात ५० हून अधिक रुग्ण दगावले. २०२० साली आफ्रिकेतल्या बोत्सवानात तीनशेहून अधिक हत्ती मेले, तेव्हा तिथल्या सरकारने पाणवठ्यातले सायनोबॅक्टेरिया हे कारण सांगितलं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलीडो शहरात सुमारे चार ते पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगण्यात आलं होतं.

उजनीवर सोलापूर, पंढरपूर, धाराशिव यांच्यासह अनेक शहरं आणि गावं पिण्यासाठी अवलंबून आहेत. धरणातून सोडलेलं पाणीच पुढे पंढरपूरला चंद्रभागेत येतं, जिथे वारीच्या काळात लाखो भाविक स्नान करतात. म्हणून या पाण्याची सायनोबॅक्टेरिया आणि त्यांच्या विषासाठी नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निकाल लोकांना कळावेत, ही मागणी अगदी साधी आणि रास्त आहे.

पाणी उकळून प्यायलं तर चालतं ना?

इथे मोठा गैरसमज आहे. कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांच्या जंतूंसाठी पाणी उकळणं हा उत्तम उपाय आहे आणि तो सोडू नये. पण मायक्रोसिस्टिन उकळल्याने नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून आतलं विष पाण्यात मोकळं होतं आणि पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. टोलीडोमध्ये 'पिऊ नका' याच्याबरोबर 'उकळूही नका' असं सांगितलं गेलं ते याच कारणाने. तुरटी फिरवून काठावरचं पाणी निवळलं तरी पाण्यात विरघळलेलं विष तसंच राहतं.

जलशुद्धीकरण केंद्रात आधी पेशी न फोडता गाळून काढणं, मग सक्रिय कार्बन आणि योग्य मात्रेत क्लोरीन वापरणं हा मार्ग असतो. म्हणजे हे काम घरातल्या पातेल्यात होण्यासारखं नाही, ते केंद्रातच व्हावं लागतं.

काठावर राहणाऱ्यांनी काय करावं?

- पाण्यावर ऑइलपेंट सांडल्यासारखा हिरवा थर दिसला तर मुलांना पोहायला उतरू देऊ नका.
- जनावरांना त्या जागी पाणी पाजू नका. शक्य असेल तर बोअर किंवा विहिरीचं पाणी द्या. थरातून बाहेर आलेलं जनावर चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा.
- मेलेले किंवा तरंगणारे मासे खाऊ नका, विकू नका. जिवंत पकडलेल्या माशाची आतडी आणि यकृत काढून टाका आणि मासा स्वच्छ पाण्याने धुवा.
- थरातलं पाणी तुषार सिंचनाने पालेभाज्यांवर मारणं टाळा.
- या पाण्याशी संबंध आल्यावर त्रास झाला, तर डॉक्टरांना तो संबंध आठवणीने सांगा.

थर सायनोबॅक्टेरियाचा आहे की साध्या शेवाळाचा, याचा प्राथमिक अंदाज घरीही घेता येतो. हातमोजे घालून पारदर्शक बरणीत ते पाणी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा भाग वर तरंगत असेल तर सायनोबॅक्टेरियाची शक्यता जास्त. तळाशी बसला असेल तर साधं शैवाल असण्याची शक्यता जास्त. आणखी एक खूण म्हणजे काठी फिरवल्यावर लांब केसांसारखे धागे वर आले तर ते बहुधा साधं तंतुमय शेवाळ असतं. या चाचण्यांतून विष आहे की नाही हे कळत नाही, पण सावध कधी व्हायचं ते कळतं.

याच सूक्ष्मजीवांचा शेतात उपयोग होतो तो कसा?

पाण्यात जास्त झालेले तेच घटक शेतात कमी पडतात, आणि तिथे मदतीला सूक्ष्मजीवच येतात. तूर, उडीद, हरभरा यांचं रोप हलक्या हाताने उपटलं तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांत रायझोबियम जीवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात आणि बदल्यात पीक त्यांना साखर देतं. गाठ कापल्यावर आतून गुलाबी-लालसर दिसली तर ती काम करते आहे असं समजावं. द्विदल पिकानंतर ज्वारी घेण्याची जुनी रीत याच हिशेबावर उभी आहे.

उसासाठी अझोटोबॅक्टर आणि अ‍ॅसिटोबॅक्टर, तर मातीत अडकून पडलेला फॉस्फरस मोकळा करण्यासाठी पीएसबी ही जीवाणू खतं मिळतात. उसाचं पाचट न जाळता शेतातच कुजवलं तर ते कुजवणारेही बुरशी आणि जीवाणूच असतात. पाचट पेटवल्यावर त्यातला नायट्रोजन धुरावाटे जातो आणि वरच्या थरातले सूक्ष्मजीवही होरपळतात.

याचा उजनीशी संबंध आहेच. माती परीक्षण करून, जीवाणू खतांची जोड देऊन आणि ठिबकमधून मोजकं खत दिलं, तर शेतकऱ्याचा डीएपीवरचा खर्च वाचतो आणि जलाशयात वाहून जाणारा फॉस्फरसही कमी होतो. करमाळ्यात दहिगाव उपसा सिंचन योजनेसारख्या योजनांमुळे उजनीचं पाणी जिरायत भागापर्यंत पोहोचलं आहे. बागायत वाढेल तसं हे भान जास्त लागेल.

उपाय काय? आणि काय उपयोगाचं नाही?

मोरचूद टाकून थर मारणं हा झटपट वाटणारा उपाय आहे, पण त्यात पेशी फुटून विष एकदम पाण्यात येतं, शिवाय तांबं माशांना घातक ठरतं. जीवाणूंची तयार पावडर टाकून एवढा मोठा जलाशय साफ होईल, हेही पटण्यासारखं नाही. जीवाणू घाण कुजवतील, पण फॉस्फरस नाहीसा करू शकणार नाहीत. त्याला पाण्याबाहेरच काढावं लागतं.

फॉस्फरस बाहेर काढण्याचे मार्ग आहेत. सांडपाणी प्रक्रियेत काही जीवाणूंना आधी हवेशिवाय आणि नंतर हवेत ठेवलं की ते फॉस्फरस पोटात साठवतात. मग त्यांच्या गाळाबरोबर तो वेगळा काढता येतो. केंद्रं उभारताना फक्त बीओडीचा आकडा न पाहता ही सोयही असायला हवी. जलपर्णी वाढली तर ती काढून काठावर पुन्हा कुजू न देता दूर नेऊन कंपोस्ट केली, तरच उपयोग होतो. २०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमागचा विचारही इथे लागू पडतो. गाळातला फॉस्फरस शेताला हवाच असतो. मात्र औद्योगिक भागाच्या खाली साठलेला गाळ शेतात टाकण्याआधी त्यातल्या जड धातूंची तपासणी व्हायलाच हवी.

हे सगळं करून फरक पडतो का? अमेरिकेतल्या सिएटल शहराजवळच्या वॉशिंग्टन तलावाचं उदाहरण पाहा. तिथेही शहरांच्या सांडपाण्याने सायनोबॅक्टेरिया माजले होते आणि पाण्यात मीटरभर खालचंही दिसत नव्हतं. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी तलावापासून दूर वळवलं. काही वर्षांतच पाणी निवळलं. तो तलाव खोल होता, म्हणून फरक लवकर दिसला. उजनीच्या गाळात अनेक दशकांची शिल्लक आहे, त्यामुळे इथे वेळ जास्त लागेल. पण वरून येणारं थांबल्याशिवाय खालची शिल्लक कधीच संपणार नाही.

थोडक्यात

उजनीचं हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्मजीवांचा कट नाही. त्यांना जे वाढलं तेच त्यांनी खाल्लं. पुण्यात बाथरूममधून वाहिलेला साबण, अर्धवट चाललेलं प्रक्रिया केंद्र आणि अंदाजाने टाकलेली खताची गोणी या सगळ्याचा हिशेब हे जीव करमाळ्याच्या काठावर हिरव्या रंगात मांडून दाखवतात. पुढच्या उन्हाळ्यात असा व्हिडिओ आला, तर तो पुढे पाठवताना 'केमिकल आहे' किंवा 'काही होत नाही' असं लिहिण्याऐवजी दोन प्रश्न विचारता येतील. या पाण्याची तपासणी कधी झाली? आणि तिचा निकाल काय आला?